सोळाव्या वर्षी फ्रान्सला जाताना

शाळेत फ्रेंच घेतलेल्या मुलांना दहावी-अकरावीच्या सुमारास फ्रान्सच्या अभ्याससहलीची संधी चालून येते. कधी क्लासतर्फे, कधी दोन शाळांमधल्या देवाणघेवाणीतून. मी सोळाव्या वर्षी अशीच गेले होते. आता फ्रेंच शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांची अशा सहलींसाठी तयारी करून घेते. पालकांचे प्रश्न बहुतेक वेळा व्हिसा, थंडी आणि जेवण यांपाशी थांबतात. त्यातलं व्हिसा आणि जेवणाबद्दल लिहितेच, पण मला मुख्यतः सांगायचंय ते तिथली संग्रहालयं कशी पाहावीत याबद्दल. माझ्या पुढच्या शिक्षणाची दिशा त्या सहलीत ठरली, म्हणून या विषयाचा मला जिव्हाळा आहे.

आधी कागदपत्रं उरकून घेऊ. अशा सहलीला शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा) अल्प मुदतीचा, म्हणजे जास्तीत जास्त ९० दिवसांचा व्हिसा लागतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मूल अठरा वर्षांखालचं असल्यामुळे आई-वडील दोघांची लेखी संमती आणि जन्मदाखला जोडावा लागतो. बारा वर्षांवरच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. परीक्षेच्या दिवसांत ही धावपळ नको, म्हणून लवकर सुरुवात करा.

जमलं तर ही सहल अठरा पूर्ण होण्याआधी करा, असं मी आवर्जून सांगते. पॅरिसमधल्या लूव्र, ओर्से, ओरांझरी, रोदां, गिमे अशा राष्ट्रीय कलासंग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, कायमस्वरूपी दालनांत प्रवेश मोफत असतो. १८ ते २५ या वयात ही सवलत युरोपीय संघातल्या रहिवाशांपुरती उरते. (पुढे शिकायला जाऊन तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मुलांनाही ती मिळते.) लूव्रची वेळ मात्र मोफत असली तरी ऑनलाइन आधी ठरवावी लागते. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी, तेव्हा कार्यक्रम आखताना वार बघा. तिकिटाचे पैसे गेलेले नसले की ‘सगळं वसूल करायचं’ हे दडपण राहत नाही. दोन तासांत बाहेर पडा, नदीकाठी बसा, जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

आमचा मुक्काम आधी तूर शहरात होता. ल्वार नदीकाठचं हे गाव स्वच्छ उच्चारांच्या फ्रेंचसाठी ओळखलं जातं, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथे खूप भाषाशाळा. प्रत्येकीची सोय एकेका कुटुंबात केलेली. माझ्या यजमान मादाम निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याकडे रात्रीचं जेवण तासभर चालायचं. पाव ताटलीत नाही, थेट टेबलक्लॉथवर ठेवायचा. मुख्य पदार्थानंतर चीज, मग गोड. आणि जेवताना रोज एकच प्रश्न: आज काय पाहिलंस? ‘खूप छान होतं’ एवढ्यावर सुटका नव्हती. चित्रात कोण होतं, कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, तुला काय आवडलं नाही? माझं फ्रेंच तेव्हा ए२, म्हणजे प्राथमिक पातळीचं. चार-पाच दालनं धावत पाहिली की रात्री एक वाक्यही धड जुळायचं नाही. एका चित्रासमोर उभी राहिले की शब्द कमी पडले तरी सांगण्यासारखं पुष्कळ असायचं. म्हणून मी सकाळीच ठरवू लागले की आज मादामना कशाबद्दल सांगायचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी आजही हेच सांगते: रात्री कुणाला तरी सांगता येईल असं पाहा.

जेवणाचंही इथेच सांगून टाकते. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. मासे नको, हॅम नको, अंडं चालतं की नाही, हे एकेक नाव घेऊन आधीच कळवा. कीश लोरेन या खाऱ्या पायमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. बरीचशी चीजं प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने बनवतात, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. कुट्टूच्या पिठाचे मोठे पातळ धिरडे, तिथे त्यांना गालेत म्हणतात, ते चीज-भाजी घालून छान मिळतात. हॉटेलात नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर तिचे पैसे पडत नाहीत. आणि दुकानात शिरल्या शिरल्या, काही विचारण्याआधी, ‘बोंझूर’ म्हणायचंच. ते न म्हणता प्रश्न विचारला तर समोरचा माणूस दुखावतो, आणि मग आपल्याला वाटतं की इथले लोक तुसडे आहेत.

तूरच्या ललित कला संग्रहालयाच्या अंगणात १८०४ मध्ये लावलेला लेबनॉनचा प्रचंड देवदार आहे. आत मांतेन्या या इटालियन चित्रकाराची दोन चित्रं आहेत, पंधराव्या शतकातली. आकाराने लहानच, हात पसरले तर सहज कवेत येतील अशी. एकात येशू खडकावर गुडघे टेकून प्रार्थना करतोय, त्याचे शिष्य पुढ्यात गाढ झोपलेत आणि दुरून त्याला धरायला शिपाई येताहेत. दुसऱ्यात पुनरुत्थान. आमच्या बाईंनी सांगितलं की ही दोन्ही एका मोठ्या वेदिचित्राची, म्हणजे चर्चच्या वेदीमागे लावायच्या चित्रसंचाची, खालची पट्टी होती आणि त्या पट्टीतलं मधलं चित्र पॅरिसला आहे. इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या सान झेनो चर्चमधून १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते सगळं उचलून आणलं. १८१५ मध्ये वरची मोठी चित्रं परत गेली, खालची तीन फ्रान्समध्येच राहिली. व्हेरोनात त्या जागी आज प्रती लावलेल्या आहेत.

हे कळल्यावर लूव्रमध्ये काय शोधायचं हे माझ्यापुरतं ठरून गेलं. तिथे सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. यादी घेऊन शिरलेला माणूस तासाभरात थकतो. मी मांतेन्याचं ते मधलं, येशूला क्रूसावर चढवल्याचं चित्र शोधलं. फरसबंदीची जमीन, तिच्या फटी, क्रूसाच्या पायाशी कवटी. उजवीकडे शिपाई ढालीवर फासे टाकून येशूचा अंगरखा कुणी घ्यायचा ते ठरवताहेत. आणि अगदी खालच्या कडेला एक शिपाई छातीपासून वरच दिसतो, जणू तो पायऱ्या चढून आपल्याच बाजूने चित्रात शिरतोय. तूरला पाहिलेले झोपलेले शिष्य डोळ्यांसमोर होते, म्हणून ही गोष्ट मला सलग वाचता आली.

मोनालिसाच्या दालनात गर्दी असतेच. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं ते चित्र डोक्यांवरून पाहावं आणि मागे वळावं. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं ‘काना इथलं लग्न’ आहे, १५६३ मधलं, जवळजवळ दहा मीटर रुंद. तेही १७९७ मध्ये व्हेनिसच्या मठातून आणलेलं. मुलांनी प्रत्येक संग्रहालयात विचारावं, ही वस्तू इथे आली कशी? प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा लूव्रमधला काळा पाषाणस्तंभ इराणातल्या सुसा इथे फ्रेंच उत्खननात १९०१ मध्ये मिळाला. गिमे संग्रहालयात चोळकालीन नटराज उभा आहे. आपल्या मुलांनी तिथे तरी नक्की जावं. सवयीचा देव देवळाविना पाहताना मनात काय उमटतं, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं.

लूव्रमध्ये मला आणखी एक गोष्ट भावली. जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या ‘मेड्यूजचा तराफा’ या अवाढव्य चित्रासमोर प्राथमिक शाळेची मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. १८१६ मध्ये मेड्यूज हे जहाज फुटलं, तराफ्यावरच्या सुमारे दीडशे माणसांपैकी पंधरा जण वाचले, ही हकीकत शिक्षिका सांगत होती आणि मुलं पेन्सिलने एकेकच माणूस काढत होती. कुणी फक्त सर्वांत वरचा, कापड हलवणारा. कुणी फक्त पाण्यात लोंबलेला पाय. तुम्हीही पेन्सिल आणि लहान वही न्या. चित्र चांगलं येण्याची गरज नाही, रेघ ओढताना नजर तिथे थांबते, एवढंच हवं.

ओर्से हे १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन, १९८६ पासून संग्रहालय. माझ्या मनात तिथलं घर करून राहिलंय ते कायबॉत या फ्रेंच चित्रकाराचं ‘फरशी तासणारे’, १८७५ चं. कमरेच्या वर उघडे असलेले तीन मजूर गुडघ्यांवर बसून एका घराची लाकडी जमीन तासताहेत. खिडकीतला उजेड न तासलेल्या पट्ट्यांवर चकाकतो आणि तासलेल्या लाकडावर मऊ होतो. लाकडाच्या गुंडाळलेल्या सालपटांचा पसारा, बाजूला वाइनची बाटली आणि एक पेला. दोघे एकमेकांकडे माना वळवून काहीतरी बोलताहेत. त्या काळच्या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं, पुढच्या वर्षी ते इम्प्रेशनिस्ट या नव्या पद्धतीच्या चित्रकारांच्या प्रदर्शनात लागलं. आमच्या इमारतीत सुतारकाम चाललं की मला हेच चित्र आठवतं. शहरी मजुरांना इतक्या आदराने रंगवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

पॅरिसमध्ये अर्धा दिवस मोकळा मिळाला तर पेर लाशेझ दफनभूमीत जा. जे. आर. डी. टाटांचा जन्म पॅरिसचा, आणि १९९३ मध्ये त्यांना याच दफनभूमीत चिरविश्रांती मिळाली. झाडीतून चढ-उताराच्या वाटा आहेत, प्रवेशाला पैसे नाहीत.

या वाटेने पुढे शिकायचं मनात आलं तर भाषेची पातळी आधी वाढवा. फ्रेंच माध्यमाच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना बी२ (ए२ च्या दोन पायऱ्या वर) लागतं, आणि देल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्राची बी२ परीक्षा आपल्याकडे अलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत देता येते. कलेचा इतिहास शिकायचा असेल तर लूव्रच्याच इमारतीत १८८२ पासूनची एकोल द्यु लूव्र ही शिक्षणसंस्था आहे. भाषांतर, अध्यापन, पर्यटन या वाटा आहेतच.

सराव मात्र इथूनच सुरू करा. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. केळकरांच्या दिव्यांपैकी किंवा अडकित्त्यांपैकी एकच निवडा, दहा मिनिटं उभं राहा, पेन्सिलने काढा. घरी येऊन त्यावर फ्रेंचमध्ये पाच वाक्यं बोला आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. कुठला शब्द अडला ते लगेच कळेल. मग पुढच्या रविवारी दुसरी वस्तू.