मुलाचं शाळेबाहेरचं यश शाळेला कसं कळवावं

आधी मुलाला विचारा. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहणं काहींना नको असतं. "फक्त बाईंना सांग" म्हणालं तर तेवढंच करा.

कळवायचं वर्गशिक्षकांना, आठवडाभरात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. तिथे अंगठे मिळतात, शाळेत नोंद होत नाही.

गाडी अडते ती मजकुरापाशी. "आमच्या लेकीने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उज्ज्वल यश मिळवले" हे वाचून शिक्षकांनी करायचं काय? खेळ कोणता, गट कुठला, कितवी आली, काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: मुलीचं पूर्ण नाव, "सहावी ब, हजेरी क्रमांक 14. पोहणे, 50 मीटर फ्रीस्टाइल, 12 वर्षांखालील मुली, 22 स्पर्धकांत तिसरी." पुढे आयोजकांचं नाव आणि तारीख. बस्स. विशेषणं सगळी खोडा.

स्पर्धक किती होते ते लिहायला पालक का कचरतात कोण जाणे. क्रमांकाला वजन येतं ते त्या आकड्यानेच. चौघींत तिसरी आली असेल तर तसंच लिहा. नावात "आंतरराष्ट्रीय" असलेल्या कित्येक ऑनलाइन स्पर्धांत पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं, आणि अशी पदकं शिक्षकांनी ढिगाने पाहिलेली असतात. एकदा फुगवून सांगितलं की पुढचं खरं यशही संशयाने वाचलं जातं. सहभागाचं प्रमाणपत्र असेल तर "सहभाग" म्हणा. कराटेचा बेल्ट किंवा गाण्याची परीक्षा असेल तर पातळी आणि निकाल लिहा. "विजेता" म्हणू नका, तिथे कुणी हरलेलं नसतं.

मग अपेक्षा, एका ओळीत: नुसती माहिती, फलकावर नाव, की नोंद. सरावासाठी रजा हवी असेल तर अर्ज वेगळा करा. या पत्रात घुसडलेली रजा हमखास नजरेतून सुटते.

प्रमाणपत्राचा फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. लॅमिनेशनवर फ्लॅश पडला की नेमकं नावच पांढरं होतं. जन्मतारीख, पत्ता झाका. मूळ प्रत देऊ नका. बक्षिसाच्या फोटोत दुसरी मुलं असतील तर ती कापा किंवा त्यांच्या पालकांना विचारा. तुमच्या मुलाचा फोटो शाळेने छापलेला चालेल की नाही, तेही लिहूनच द्या.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.