महिन्याभरात वाचलेल्या पुस्तकांवर लिहायचं कसं

चार-पाच पुस्तकं वाचून झाली आणि आता त्यांच्यावर थोडं लिहू म्हणून बसलं की आठवतं ते एवढंच: हे आवडलं, ते नाही आवडलं. का, ते निसटून गेलेलं असतं. म्हणून लिहिण्याची तयारी पुस्तक वाचतानाच करावी लागते.

पोस्टकार्डाएवढा एक कागद खूण म्हणून पुस्तकातच ठेवा. कुठे थबकलात, हसलात, वैतागलात, की पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द लिहायचे: ‘४७ – आजीचं बोलणं खोटं वाटतं’, ‘११२ – पुन्हा तेच’. अख्खी वाक्यं उतरवत बसू नका, वाचन तुटतं. दोनशे पानांना आठ-दहा नोंदी पुष्कळ झाल्या. कंटाळ्याची नोंद मात्र आवर्जून करा. शेवट जमलेला असला की मधली रखडलेली साठ पानं वाचक उदारपणे विसरून जातो आणि मग लिहिताना सगळं पुस्तकच छान होतं. जुन्या, पिवळ्या पडलेल्या पानांना चिकट चिठ्ठ्या लावू नका; काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. ग्रंथालयाच्या पुस्तकावर तर पेन्सिलही नको. समासात ‘वा!’ लिहून ठेवणारे आधीच पुष्कळ आहेत.

शीर्षकपान आणि त्याच्या पाठीमागचं पान उघडून लेखक, अनुवादक, प्रकाशन, पहिल्या आवृत्तीचं साल आणि हातातल्या आवृत्तीचं साल टिपून घ्या. सालाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात आणि तिथेच मत घसरतं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची आहे. तिच्यातले बोटीवरचे ज्यू प्रवासी जर्मनीतून बाहेर पडलेत, पण पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना ठाऊक नाही, आणि लिहिणाऱ्यालाही नव्हतं. हातातल्या पुनर्मुद्रणाचं साल धरून वाचलं तर हे लक्षातच येत नाही.

पुस्तक संपल्यावर एक दिवस जाऊ द्या, पण आठवडा नको. पुस्तक न उघडता पाच ओळी लिहा आणि मग खुणेच्या कागदाशी ताडून पाहा. आठवणीत राहिलेलं आणि नोंदीतलं जिथे जुळत नाही, तिथे सहसा लिहिण्याजोगं काहीतरी असतं. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना आपलं लिहून झाल्यावरच वाचा. आधी वाचलं की प्रस्तावनाकाराचे शब्द आपल्या नकळत आपल्या लिहिण्यात शिरतात.

एका पुस्तकाला दीडशे शब्द पुरतात. त्यातले चाळीसेक गोष्टीला, उरलेले मताला. बहुतेकांचं प्रमाण नेमकं उलटं असतं. आणि जे थोडं मत येतं त्याचा नेहमीचा नमुना बघा: ‘व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी ही अप्रतिम कादंबरी आहे. भाषा ओघवती असून व्यक्तिरेखा जिवंत आहेत. माणदेश डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्येकाने अवश्य वाचावी.’ यात पुस्तकाचं नाव बदललं तरी मजकूर तसाच चालेल, म्हणजेच मत असं काही सांगितलेलंच नाही. तेच असं लिहिता येईल: ‘धनगरांच्या वस्तीवर नवा मास्तर येतो, एवढीच सुरुवात. कट नाही, कुणी मोठा खलनायक नाही. गाव मिळून तालीम उभी करतं, आणि पुढे दुष्काळ पडतो. तालमीपर्यंत गोष्ट सावकाश चालते. वस्ती ओस पडायला लागते तेव्हा कळतं, की त्या सावकाशीतच ही माणसं आपली होऊन गेली होती. दुष्काळ रंगवताना आवाज चढत नाही, म्हणून तो जास्त लागतो.’ इथे एकही विशेषण कौतुकाचं नाही, तरी कौतुक पोचतं. न पटणाऱ्याला वाद घालायला जागाही मिळते.

‘अप्रतिम’, ‘ओघवती’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘एका बैठकीत संपवलं’, ‘अंतर्मुख करणारं’ हे शब्द सापडले की त्या जागी पान क्रमांक लिहा. पान सापडत नसेल तर शब्द खोडा.

प्रकार बदलला की विचारायचा प्रश्नही बदलतो. रहस्यकथेत पहिल्या चौथाई भागापलीकडचं काहीही सांगू नका. उलगडा प्रामाणिक आहे की नाही, म्हणजे धागे आधी पेरलेत की शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ निघाला, एवढं मात्र जरूर सांगा, भावाचा उल्लेख टाळून. कथासंग्रहात अनुक्रमणिकेवर खुणा करत जा. बारा कथांपैकी दोन जमलेल्या आणि एक फसलेली, नावानिशी. सगळ्यांचा गोषवारा कुणी वाचत नाही. कवितासंग्रहावर लिहिताना एकच कविता धरा, ती दोनदा मोठ्याने वाचा आणि ओळ कुठे तुटते त्यावर बोला.

ऐतिहासिक कादंबरीला मराठीत वेगळीच सवलत मिळते, ती देऊ नका. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले हा इतिहास. शेवटच्या दिवसांत ते काय बोलले हे कादंबरीकाराचं. ‘इतिहास जिवंत केला’ असं लिहिण्याआधी संदर्भसूची आहे का ते पाहा, आणि नसेल तर तसं लिहा. आत्मचरित्रात लोक आयुष्याला गुण देतात आणि पुस्तक राहून जातं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून छापून येऊ लागली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं त्या सांगण्याला कशी लागली, दुःखाच्या जागी विनोद कुठून येतो, हे पाहायला हवं. पाककृतीच्या पुस्तकावर निदान दोन पदार्थ करून पाहिल्याशिवाय अक्षर लिहू नका, आणि वाटी किती मिलीलिटरची घेतली तेही सांगा. दीडशेची आणि दोनशेची यांत पीठ बिघडतं आणि दोष लेखिकेवर जातो.

सगळ्यात जास्त गफलत अनुवादाबाबत होते. ‘भाषा क्लिष्ट आहे’ म्हणून मूळ लेखकाला फटके, किंवा ‘काय सुंदर भाषा’ म्हणून त्यालाच हार, आणि अनुवादकाचं नाव कुठेच नाही. मूळ भाषा येत नसली तरी अनुवाद तपासता येतो. मधलं कोणतंही पान उघडा आणि संवाद मोठ्याने म्हणा. ‘त्याने आपले खांदे उडवले’, ‘ती एक अशी स्त्री होती की जिने…’, ‘मी तुझ्यासाठी आनंदी आहे’ अशी वाक्यं पानाला दोन-तीन निघाली, की मराठी माणूस असं बोलत नाही हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. नात्यांचे शब्दही पाहा: मूळ इंग्रजी असेल तर मामा, काका, आत्याचा नवरा यांना तिथे एकच शब्द असतो. अनुवादकाने नातं शोधून काढलंय की ‘अंकल’वर भागवलंय, यावरून त्याची मेहनत कळते. मुद्रणदोष मात्र अनुवादकाच्या खात्यावर टाकू नका, ते प्रकाशकाचे.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरही लिहिता येतं, फक्त कितव्या पानावर आणि कशामुळे सोडलं ते पहिल्याच वाक्यात सांगा. ऐकलेलं पुस्तक असेल तर तेही सांगा, आणि वाचणाऱ्याच्या आवाजाचं श्रेय लेखकाला देऊ नका. ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानं बदलू शकतात, त्यामुळे उतारा देताना प्रकरणाचं नाव द्या. उतारा दोन-तीन ओळींचा, आणि लेखकाचं शुद्धलेखन न सुधारता जसाच्या तसा. बोलीतलं ‘व्हतं’ फोनवर टाइप करताना आपोआप ‘होतं’ होऊन बसतं, म्हणून पुस्तक शेजारी उघडं ठेवून अक्षर अन् अक्षर पुन्हा जुळवा.