शेड्युलरमध्ये ईआरपीचं राउटिंग ओतण्याआधी

प्लॅनिंगमध्ये नवीन असाल आणि रिअल-टाइम शेड्युलिंगचं (कारखान्यात घडेल तसं वेळापत्रक लगेच बदलत राहण्याचं) काम गळ्यात पडलं असेल, तर डेमोच्या नादी लागू नका. मशीन बंद पडताच गँट चार्टवरचे (कामांच्या वेळा आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावरचे) जॉब आपोआप सरकतात, हे दिसायला झकास असतं. पण त्या पट्ट्यांची लांबी राउटिंगमधल्या (कोणतं काम कोणत्या मशीनवर, किती वेळ, या नोंदीतल्या) वेळांवरून ठरते, आणि घोळ नेमका तिथे असतो.

एमआरपी (मटेरियलच्या गरजेचं नियोजन), फायनाइट कपॅसिटी (मशीनची क्षमता मर्यादित धरणं), बॉटलनेक (ज्या मशीनपाशी काम अडतं ते) या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. ईआरपीतलं (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) राउटिंग बरेचदा कॉस्टिंगसाठी भरलेलं असतं, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही.

समजा, एका जॉबचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) २ मिनिटं आणि सेटिंगला, म्हणजे सेटअपला (मशीन त्या जॉबसाठी तयार करायला), ९० मिनिटं लागतात. कॉस्टिंगने ३०० नगांचा लॉट धरून ती ९० मिनिटं नगांवर वाटली, म्हणजे नगामागे ०.३. राउटिंगमध्ये २.३ मिनिटं आली आणि सेटअपच्या रकान्यात शून्य. किंमत काढायला हे चालतं. आता ५० नगांची ऑर्डर आली. शेड्युलर म्हणतो ११५ मिनिटं, प्रत्यक्षात लागतात १९०. ऑर्डर १,००० नगांची असेल तर तो २,३०० सांगतो आणि काम २,०९० मिनिटांत उरकतं. छोट्या ऑर्डरी लटकतात, मोठ्या आधीच संपतात, आणि महिन्याच्या सरासरीत दोन्ही चुका एकमेकींना झाकून टाकतात. रिपोर्ट बघून हे सापडत नाही.

याहून वाईट पुढे आहे. सेटअप शून्य म्हटल्यावर शेड्युलरच्या लेखी जॉब बदलणं फुकट. तो ड्यू डेट बघून अ, ब, अ, ब असा क्रम लावतो आणि प्रत्येक रीप्लॅनला तो पुन्हा विस्कटतो. चार लॉटना चार सेटिंग, म्हणजे ३६० मिनिटं. अ, अ, ब, ब लावलं असतं तर १८० मध्ये भागलं असतं. तीन तास गेले, आणि स्क्रीनवर ते ‘उत्पादन चालू’ म्हणूनच दिसतात. दोन-तीन शिफ्ट असं झालं की सुपरवायझर यादी बाजूला ठेवतो. त्याला दोष देऊ नका.

यातून बाहेर पडणं अवघड नाही, कंटाळवाणं आहे. फक्त बॉटलनेक मशीन धरा. जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या जॉबच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंतचा वेळ मोजा. फक्त साचा किंवा टूल बदलण्याचा वेळ घेतलात तर ट्रायल पीस आणि पहिल्या नगाची तपासणी सुटते. एका प्रकारच्या बदलाच्या निदान दहा नोंदी घ्या आणि मध्यक वापरा. क्रेन मिळाली नाही म्हणून लांबलेली एक सेटिंग सरासरीची वाट लावते. २० जॉब म्हणजे ‘या जॉबवरून त्या जॉबवर’ अशा ३८० जोड्या, हा आकडा बघून घाबरू नका. साचा, मटेरियल, रंग यांवरून पाच गट पाडले की गटागटांमधल्या २० जोड्या उरतात, शिवाय प्रत्येक गटाच्या आतला एक वेळ. हा तक्ता म्हणजे तुमचा सेटअप मॅट्रिक्स. दिशा मात्र जपा: प्लॅस्टिकमध्ये फिकटावरून गडद रंगावर पटकन जाता येतं, उलट जाताना बॅरल (प्लॅस्टिक वितळतं ती नळी) साफ करण्यात वेळ आणि माल दोन्ही जातात.

हे आकडे सल्लागाराकडे मागू नका. जुना सेटर गाठा, त्याच्याइतका खरा गुरू प्लॅंटमध्ये दुसरा नाही. वेंडरच्या ‘तयार टेम्प्लेट’वर तर अजिबात विसंबू नका.

आता मशीनवरचे नग मोजणाऱ्या काउंटरचं थोडक्यात. पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) सिग्नल शॉट, म्हणजे साच्याचे फेरे मोजतो, नग नाही. साच्यातल्या चार कॅव्हिटींपैकी (एका शॉटमध्ये प्रत्येकी एक नग देणाऱ्या पोकळ्यांपैकी) एक बंद केली असेल आणि गुणक चारच राहिला, तर शंभर शॉटमागे शंभर नग हवेतले. शिफ्टच्या शेवटी एकदम भरलेली नोंद रिअल-टाइम नसते. मशीन थांबण्याची कारणं आठ-दहाच ठेवा. चाळीस दिलीत तर ऑपरेटर ‘इतर’ दाबून मोकळा होतो.

दर पाच मिनिटांनी रीप्लॅन करता येतं म्हणून करायचं नसतं. पुढच्या चार ते आठ तासांचा क्रम गोठवा. साचा आणि मटेरियल मशीनपाशी आणायला लागणाऱ्या वेळेपेक्षा ही मुदत कमी नको. अर्ध्या तासाहून जास्त लांबलेला ब्रेकडाउन, न आलेलं मटेरियल, वरून आलेली तातडीची ऑर्डर, एवढ्यावरच क्रम हलवा. बारीकसारीक थांबे पुढे ठेवलेल्या मोकळ्या वेळात जिरू द्या.

पहिल्या महिन्यात वेळापत्रक पाळण्याचं प्रमाण कमीच दिसेल, ते चालायचंच. सुपरवायझरला क्रम बदलायची मुभा द्या, फक्त कारण नोंदवायला लावा आणि त्या नोंदी दर आठवड्याला चाळा. एकच जोडी वारंवार उलटवली जात असेल तर आधी मॅट्रिक्समधला तिचा आकडा तपासा, माणसाला जाब नंतर विचारा.