‘जोई लईशुं’ मशीनला कळत नाही: एआयकडून ऑफिसचं काम कसं करून घ्यावं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरला लागणारे धातूचे भाग बनवणारा आमचा छोटा कारखाना आहे. बिलं, उघराणी म्हणजे थकलेल्या पैशांची मागणी, पत्रव्यवहार आणि जीएसटीचे कागद ही कामं सव्वीस वर्षं माझ्या टेबलावर आहेत. शेठ गुजरातीत बोलतात, गाडीवाले हिंदीत, पुण्याचे ग्राहक मराठीत, आणि परचेस ऑर्डर येते इंग्रजीत. दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला चार भाषांचं ओझं वाटत नाही, पण चारही भाषांत रोज नीट लिहायचं म्हणजे वेळ जातो. गेली दोन वर्षं त्यातला बराच भाग मी एआय असिस्टंटकडून करून घेते. आजूबाजूच्या युनिटमधल्या बेन विचारतात, कसं करता? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात अशा कामापासून करा जे दर आठवड्याला येतं आणि ज्याचं बरोबर उत्तर तुम्हाला डोळे मिटून ठाऊक आहे. माझ्यासाठी ते उघराणीचं पत्र होतं. सरकारी नोटिशीचं उत्तर पहिल्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घेऊ नका. तिथे चूक झाली तर ती ओळखायला तुमच्याकडे मोजपट्टी नसते.

पहिल्यांदा मी नुसतं ‘पेमेंटची आठवण करून देणारं पत्र लिही’ असं सांगितलं. जे आलं ते कुणीही कुणालाही पाठवावं असं होतं, गुळगुळीत आणि दीड पानाचं. मग मी टेबलाशी बसलेल्या नवीन मुलीला जसं समजावलं असतं तसं सांगायला लागले. पत्र कुणाला जाणार, संबंध किती जुने, आधी काय बोलणं झालं, काय अजिबात लिहायचं नाही, हे सगळं. माझी सूचना आता साधारण अशी असते:

‘तू छोट्या कारखान्याच्या हिशेब विभागात आहेस. ग्राहक बारा वर्षांपासूनचा आहे, उशिरा देतो पण देतो. बिल ४,८०,००० रुपयांचं, माल स्वीकारून ७० दिवस झाले. दोनदा फोन झाला आहे. इंग्रजीत सहा ओळींचं पत्र लिही. धमकी नको, कायद्याचा उल्लेख नको, पण पैसे कुठल्या तारखेला येणार ते स्पष्ट विचार. नावाच्या जागी ग्राहक-अ असं लिही. माहिती कमी पडत असेल तर लिहिण्याआधी मला विचार.’

शेवटचं वाक्य कधी गाळू नका. ते नसलं की मशीन रिकाम्या जागा स्वतःच्या मनाने भरतं. ते असलं की विचारतं, ‘मालाबद्दल ग्राहकाची काही तक्रार होती का?’ एकदा या प्रश्नामुळेच मला आठवलं की त्या बिलातले बारा नग रिजेक्ट झाले होते आणि त्यांची रक्कम बिलातून वजा करायची डेबिट नोट आमच्याकडेच पडून होती. पत्र तसंच गेलं असतं तर ग्राहकासमोर मान खाली गेली असती.

‘ग्राहक-अ’ लिहायचं कारण असं की दुसऱ्याच्या व्यवहाराची माहिती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकायचा आपल्याला हक्क नाही. नाव खोडलं म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन. बिलाचा फोटो जसाच्या तसा चढवला की पॅन, पत्ता, बँकेचं खातं सगळं गेलं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं कळवलं होतं, ते याच काळजीपोटी. आमच्याकडे मी शेठांशी बोलून एक कागद भिंतीला लावला आहे. पगारपत्रक, आधार, पॅन, बँक खातं, ग्राहकाचं ड्रॉइंग आणि आमचे दर, यातलं काहीही चढवायचं नाही. तुमच्या ऑफिसात असा कागद नसेल तर आधी तो लावून घ्या, बाकीचं नंतर.

आता आकडे. हे मशीन पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत लिहितं. म्हणून बरोबर गोष्ट आणि चुकीची गोष्ट ते एकाच ठाम सुरात सांगतं, आणि वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही. एका थकलेल्या बिलावर व्याज मागायचं होतं. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे, त्यामुळे २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा आम्हाला लागू पडतो. असिस्टंटने सांगितलं, मुदत ४५ दिवस, आणि सरळव्याजाने रक्कमही काढून दिली. दोन्ही चूक. मी कायदाच उघडून बसले. कलम १५ प्रमाणे लेखी मुदत ठरली असेल तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि लेखी काहीच ठरलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. आमच्या त्या ऑर्डरवर मुदत लिहिलेली नव्हती, म्हणजे १५. कलम १६ प्रमाणे व्याज चक्रवाढ, दर महिन्याच्या हिशेबाने, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने. तेव्हापासून माझा नेम आहे की शब्द मशीनचे, आकडे एक्सेलचे आणि कलम मूळ कायद्यातून वाचलेलं. हवं तर असिस्टंटला एक्सेलचं सूत्र विचारा, ते तो चांगलं देतो, पण ते सूत्र जुन्या, चुकता झालेल्या एका बिलावर चालवून बघा. रुपयांचे स्वल्पविरामही तपासा. आपले १२,५०,००० तो कधी १,२५०,००० असे लिहितो. तारखेत महिना पुढे जातो, आणि ४ मेचं ५ एप्रिल होतं.

भाषेच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. मराठीत सांगितलेला मुद्दा इंग्रजी पत्रात छान उतरतो. पण गुजराती पत्र पुस्तकी येतं. इथल्या पत्रात ‘सविनय जणाववानुं के’ अशी सुरुवात असते, आणि पैशांच्या मागणीला सगळा बाजार उघराणी म्हणतो. मशीन तिथे भलताच जड शब्द घालायचं. उपाय सोपा आहे. वहीत आपल्या ऑफिसचे शब्द लिहा, चाळीस-पन्नास पुरतात, प्रत्येकासमोर चारही भाषांतला रोजच्या वापरातला शब्द, आणि ती यादी दर वेळी सूचनेसोबत चिकटवा. बडोद्याला ही गोष्ट नवीन नाही. संस्थानाने १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला होता, त्यात गुजराती आणि मराठीबरोबर संस्कृत आणि फारसीही होत्या. कारकुनाला कुठल्याही भाषेत नेमका शब्द सापडावा, ही निकड त्या काळीही होती. माझी वही त्यामानाने फारच लहान, पण पत्र सुधारतं ते तिच्यामुळेच.

आता ज्या गोष्टीने मी खरी सावध झाले ती. एका मोठ्या ग्राहकासोबत दर वाढवण्याबद्दल बैठक झाली, गुजराती-हिंदीत, आणि सगळ्यांच्या संमतीने ती रेकॉर्ड केली होती. असिस्टंटने सुरेख टिपण करून दिलं. त्यात होतं, ‘ग्राहक नवीन दर तपासून कळवणार.’ मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. ग्राहकाचे साहेब म्हणाले होते, ‘जोई लईशुं,’ म्हणजे ‘बघून घेऊ.’ आणि त्याआधी पाच-सहा सेकंद गप्प होते, मग चहाचा कप खाली ठेवला. बडोद्यात व्यवहार केलेल्या कुणालाही विचारा, हा तोंडावर नाही म्हणायचं टाळून दिलेला नकार आहे. टिपणावर विसंबून आम्ही महिनाभर वाट बघत बसलो असतो. शेठांनी त्याच संध्याकाळी फोन केला आणि अर्ध्या वाढीवर बोलणं मिटवलं. म्हणून टिपण मशीनने करावं, पण बैठकीला बसलेल्या माणसाने त्याच दिवशी ते वाचावं, आणि ‘मान्य’, ‘ठरलं’, ‘कळवणार’ या शब्दांवर थांबून ते नक्की कोण काय म्हणालं होतं हे आठवावं. रेकॉर्डिंगची परवानगी सुरुवातीलाच मागावी, हे वेगळं सांगायला नको.

जुन्या फाइलचा सारांश, जाहिरातीचा मजकूर, सुट्टीची नोटीस यांत फार सांगण्यासारखं नाही. करून घ्या, एकदा वाचा, लावा.

एक काळजी मात्र मनात आहे. आमच्याकडे वर्षभरापूर्वी एक मुलगी लागली. मी पत्र लिहायला शिकले ती साहेबांनी लाल पेनाने खोडलेल्या मसुद्यांवरून. तिच्या हातात पहिल्या दिवसापासून तयार मसुदा आला, तर कुठली ओळ का खोडायची हे तिला कसं कळणार? म्हणून आमची पद्धत अशी ठेवली आहे. पहिला मसुदा ती हाताने लिहिते, नंतर तेच काम असिस्टंटला देते, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून मी तिला विचारते, यातलं कुठलं पाठवायचं आणि का. दहा मिनिटं जास्त जातात. तुमच्याकडे कुणी नवीन असेल तर ही दहा मिनिटं वाचवू नका.

मागच्या आठवड्यात एका उघराणीला मशीनचं पत्र व्याकरणाने निर्दोष होतं. तिच्या पत्रात एक ओळ जास्त होती: ‘शनिवारी तुमची गाडी आमच्याकडे माल न्यायला येणार आहे, चेक ड्रायव्हरच्या हाती दिलात तरी चालेल.’ गाडीचं तिला डिस्पॅचच्या भाईंनी सांगितलं होतं. आम्ही तिचं पत्र पाठवलं.