पीएच.डी.ला लागताय? पैसा थांबला तरी काम उघडता आलं पाहिजे

पेट म्हणजे प्रवेश परीक्षा निघाली, कोर्सवर्क झालं, आरआरसीत म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीत विषय मंजूर झाला की नव्या मुलांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. फेलोशिप कधी सुरू होईल, गाईड कसे आहेत, पेपर कुठं छापायचा. मुलाखती कशात टाईप करायच्या, कुठं ठेवायच्या, हे कुणीच विचारत नाही. मी ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर काम केलं. माझ्या संशोधनातला सगळ्यात वाईट काळ या न विचारलेल्या प्रश्नापायी गेला, म्हणून त्यावरच जास्त लिहिणार आहे.

आधी पैशाचं सांगते, थोडक्यात, कारण ते तुम्हाला बरंचसं माहीत असतं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप, महिन्याला ३१,००० वरून ३७,००० झाली आणि त्यानंतरची एसआरएफ ४२,०००. आकडा बरा आहे. पण सामाजिक शास्त्रांसाठी कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. प्रवास, झेरॉक्स, पुस्तकं, रेकॉर्डर, सॉफ्टवेअर, सगळं त्यातच बसवायचं. शिवाय दर महिन्याला विद्यापीठातल्या मेकरनं (नोंद भरणाऱ्यानं) आणि चेकरनं (ती तपासणाऱ्यानं) पोर्टलवर तुमचं नाव पुढं पाठवल्याशिवाय पैसे निघत नाहीत. त्या टेबलावरचा माणूस बदलला की तुमचा महिना अडकतो. त्या टेबलावरच्या माणसाशी ओळख ठेवा, कंटिन्युएशन (फेलोशिप पुढं चालू ठेवण्याचं) आणि एचआरएची (घरभाड्याची) पत्रं मुदतीआधी द्या, प्रत्येक कागदाची पोच घ्या. पहिली थकबाकी जमा झाली की लॅपटॉप घ्यायला धावू नका. ती रक्कम पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी राहू द्या.

आणि फेलोशिप चालू आहे म्हणजे ती चालूच राहील असं धरून चालू नका. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती बंद केल्याचं संसदेत सांगितलं गेलं. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या मुलांनी फेलोशिपसाठी आझाद मैदानात किती दिवस काढले ते तुम्ही पाहिलंच आहे. जून २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शंभराहून जास्त कंत्राटी प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना टाटा एज्युकेशन ट्रस्टचा निधी नाही म्हणून नोटिसा गेल्या. गदारोळ झाल्यावर त्या मागं घेतल्या, पण एवढ्या नामवंत संस्थेतली माणसंही एका मंजुरीच्या कागदावर उभी आहेत हे सगळ्यांना दिसलं. हे घाबरवायला सांगत नाही. तासिका तत्त्वावर शिकवून, घरचं बघून, फेलोशिपशिवाय प्रबंध पूर्ण केलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांची कामं चांगली आहेत. पैसा थांबतो. थांबल्यावर काम चालू राहील अशी मांडणी मात्र पहिल्या महिन्यापासून करावी लागते.

आता मी जिथं अडकले ते.

आमच्या विभागात एक मोठा प्रकल्प चालू होता. त्याच्या पैशातून मुलाखतींचं विश्लेषण करणारं एक महागडं परदेशी सॉफ्टवेअर घेतलं होतं. लायसन्स वर्षावर. विभागात सगळे तेच वापरायचे, वर्कशॉप त्याचंच व्हायचं, वरच्या वर्गातली मुलं तेच शिकवायची. मीही मुलाखती त्यात भरल्या, वाक्यांना कोड म्हणजे विषयाच्या खुणा लावल्या, उताऱ्यांना टिपणं जोडली. मग प्रकल्पाची मुदत संपली, पुढचं अनुदान आलं नाही, लायसन्सचे पैसे कुणी भरायचे यावर फाईल फिरत राहिली. एके सकाळी सॉफ्टवेअरनं प्रोजेक्ट उघडायला नकार दिला.

यात नेमकं काय अडकतं ते नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं की मुलाखती तर वर्ड फाईलमध्ये आहेतच. मुलाखती असतात. अडकतं ते तुमचं वाचन. समजा बीडच्या धारूर तालुक्यातली एक बाई सांगते की अंगावर उचल (आगाऊ घेतलेले पैसे) होती, आजारपणात खाडा केला तर टोळीचा मुकादम पैसे कापायचा, म्हणून गर्भाशयाची पिशवी काढून टाकली. या एका वाक्यावर माझे तीन कोड होते: उचल, खाडा, शस्त्रक्रिया. बाजूला टिपण होतं की हीच साखळी आधीच्या कोणत्या मुलाखतीत आली, आणि कुठं ती उलट्या क्रमानं आली. अशी शेकडो वाक्यं. हे तीन कोड एकत्र कुठं येतात, कोणत्या वयाच्या बायकांच्या बोलण्यात येतात, ते शोधणं म्हणजेच माझं चौथं प्रकरण होतं. ते सगळं एका बंद फाईलमध्ये होतं आणि ती फाईल फक्त त्या कंपनीचं सॉफ्टवेअर उघडू शकत होतं. मजकूर माझ्याकडे होता. त्यावर केलेली मेहनत माझ्याकडे नव्हती.

बाहेर पडायची वाटही अरुंद होती. ट्रायल उतरवून फाईल उघडली, कोडप्रमाणे उतारे पीडीएफमध्ये काढले, तर देवनागरीची जोडाक्षरं तुटलेली. वर्डमध्ये काढले तर उतारे आले, पण कोणतं टिपण कोणत्या उताऱ्याचं हा दुवा गेला. शेवटी छापील उतारे जमिनीवर पसरून, रंगीत पेन्सिलींनी, कितीतरी जोडण्या आठवून पुन्हा केल्या. काही आठवल्याच नाहीत, आणि त्या प्रबंधात नाहीत.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना ‘यात काय काय करता येतं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: यातून माझं काम पूर्णच्या पूर्ण बाहेर कसं निघतं? या कामासाठी रेफी-क्यूडीए नावाची एक समाईक फाईलपद्धत २०१९ मध्ये ठरली आहे. मजकूर, कोड आणि टिपणं तिच्यातून एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतात. एनव्हिवो, अ‍ॅटलस-टीआय, मॅक्सक्यूडीए ही मोठी सॉफ्टवेअरंही ती पद्धत ओळखतात. तुमच्या विभागात त्यांपैकी काही असेल तर जरूर वापरा, पण दर महिन्याच्या शेवटी या पद्धतीत एक प्रत बाहेर काढा. आणि इथंच लोक थांबतात, तुम्ही थांबू नका. ती प्रत दुसऱ्या संगणकावर, ते सॉफ्टवेअर नसताना, उघडून बघा. मराठी अक्षरं शाबूत आहेत का, टिपणं आपापल्या जागी आहेत का, ते डोळ्यांनी तपासा. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नाही.

विकत घ्यायची ऐपत नसेल तर टॅगेट आणि क्वालकोडर ही दोन्ही मुक्त आणि मोफत आहेत. दोन्ही आपल्याच संगणकावर चालतात, आणि दोन्हींचं काम एसक्यूएलाइट या खुल्या पद्धतीच्या फाईलमध्ये साठतं, म्हणजे उद्या ती सॉफ्टवेअरं बंद पडली तरी आतलं सगळं दुसऱ्या साधनानं वाचता येतं. टॅगेट साधं आहे, आठवड्याभरात हात बसतो. टिपणं भरपूर लिहीत असाल तर क्वालकोडर घ्या. संख्याशास्त्राला आर नावाचं सॉफ्टवेअर आहे, आणि आरची भीती वाटत असेल तर जामोवी किंवा जॅस्प. संदर्भांसाठी झोटेरो, २००६ पासून चालू आहे. कुठलीही गोष्ट मोफत आहे म्हणून नव्हे, तर दार आतून उघडतं म्हणून घ्या.

याच सापळ्याचं मराठी रूपही आहे. विद्यापीठाबाहेर टायपिंगची जी दुकानं आहेत त्यांतली बरीच अजून श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून देतात. पडद्यावर मराठी दिसतं, छापूनही नीट येतं. पण फॉन्ट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा कचरा. त्यात ‘उचल’ शोधली तर सापडत नाही, कोडिंगच्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही, आणि रूपांतर केलं की रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. पैसे देण्याआधी युनिकोडमध्येच पाहिजे असं बजावून सांगा, त्यात फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहतं. माझं मत विचाराल तर मुलाखती स्वतःच टाईप करा. दुसऱ्यानं टाईप केलेली मुलाखत आपण वाचतो, स्वतः टाईप केलेली ऐकतो. वेळ जातो हे खरं आहे. तो वेळ म्हणजेच संशोधन आहे.

क्रॅकबद्दल स्पष्ट बोलते. पेनड्राईव्हवर फिरणारं चोरीचं सॉफ्टवेअर घेऊ नका. ‘सगळेच वापरतात’ म्हणणारे सीनियर तुमच्या व्हायवाला, तोंडी परीक्षेला, नसतील. पद्धतीच्या प्रकरणात सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहावी लागते, तिथं तुम्ही काय लिहिणार? शिवाय त्याच्याबरोबर कोणता व्हायरस आला आणि तुमच्या मुलाखती कुठं गेल्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

इथून मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याकडे येते. पैसे नसले की माणूस मोफत सेवांकडे वळतो. ध्वनिमुद्रण अपलोड करा, मिनिटाभरात मजकूर मिळेल, अशा सेवा आता भरपूर आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या अटींत लिहिलेलं असतं की तुम्ही दिलेला आवाज ते आपली यंत्रणा शिकवायला वापरू शकतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्याचं सर्वेक्षण आलं, त्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यातली एखादी बाई तुमच्यासमोर बसून, मुकादमाचं नाव घेऊन बोलते. तो आवाज, ते नाव, ते गाव कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवर पाठवायची परवानगी तिनं दिलेली नाही. ‘संशोधनासाठी’ एवढ्या शब्दात ती येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यात संशोधनाला काही सूट आहे, पण सूट आहे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. तो पैसा तुम्ही वाचवलेला नसतो, तिच्याकडून घेतलेला असतो.

मार्ग आहे, घाबरू नका. ओपन-एआयनं २०२२ मध्ये खुलं केलेलं, आवाजाचा मजकूर करणारं व्हिस्पर आपल्याच संगणकावर, इंटरनेट बंद करून चालतं. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतची भारतीय भाषांची मॉडेलंही खुली आहेत. बीड-परभणीकडची बोली, मागं फडातला गलका, दोन माणसं एकदम बोलणारी, असं असलं की मजकूर बराच चुकतो. पूर्ण ऐकून दुरुस्त करावाच लागतो. पण पहिला कच्चा मसुदा मिळतो आणि आवाज घराबाहेर जात नाही. मशीन जुनी असेल तर रात्रभर लावून ठेवा.

विद्यापीठाच्या खात्यावरच्या क्लाउडवरही सगळा भार टाकू नका. गुगलनं शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. शिवाय नोंदणी संपली की खातंही जातं. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत, दोन्हींना पासवर्ड. खर्च कंटिन्जन्सीत बसतो.

वाचनाचं सामान मिळवण्याच्या बाबतीत मात्र तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात. एक राष्ट्र एक सदस्यत्व योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी संस्थांतल्या सगळ्यांसाठी. विद्यापीठात असताना पोटभर वापरा. खाजगी विनाअनुदानित कॉलेजात तासिकेवर लागलात की हे दार बंद होऊ शकतं, म्हणून लागणारे लेख टिपणांसकट झोटेरोत साठवत चला. आणि लेख मिळत नसेल तर लेखकाला सरळ मेल करा. लोक पाठवतात, आनंदानं पाठवतात.

गाईडबद्दल एकच सांगते. मोठ्या नावाच्या मागं जाऊ नका. जो वेळेवर सही करतो, तुमचं प्रकरण वाचून समासात लिहितो आणि ‘फाईल कुठं ठेवलीस’ असं विचारतो, तो चांगला गाईड. पैसे देऊन महिन्यात पेपर छापून देणाऱ्यांशी ओळख करून देणारा गाईड कितीही प्रेमळ असला तरी तुमचं नुकसान करतो. २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते लेखी विचारून घ्या, आणि मग घाई कशाची आहे ते ठरवा.

संमतीपत्राला मात्र घाई करू नका. ते मराठीत लिहा, तेही त्या गावात बोलतात त्या मराठीत. आवाज कुठं ठेवणार, कोण ऐकणार, यंत्राला देणार की नाही, कधी पुसणार, हे त्यात असू द्या. वाचता न येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, मुकादम किंवा नवरा शेजारी नसताना. बोलता बोलता एखादी ‘एवढं लिहू नका बाई’ म्हणाली, तर तेवढा भाग तिच्यासमोर पुसा आणि मग पुढचा प्रश्न विचारा.