पोरांना ट्रॅक्टरवर बसवायचं का, हे ठरवायचं कसं

पोरगं हट्टाला पेटतं, घरातलं कोणीतरी म्हणतं बसू दे की एक चक्कर, आपण पण असंच बसून मोठे झालो. झालो खरं, पण जे पडले ते सांगायला येत नाहीत ना.

मी ठरवताना दोनच गोष्टी बघतो, पडलं तर कुठे पडेल आणि आपल्याला वेळ किती मिळेल. सायकलवरून पडलं तर गुडघा फुटतो, तेवढं चालतं, त्यातूनच शिकतात. ट्रॅक्टरचं तसं नाहीये. गाडी बंद असताना एकदा स्वतः मडगार्डवर बसून खाली बघा, टायरची नक्षी हातभर अंतरावर असते, आणि पुढच्या बाजूला घसरलं की थेट मागच्या चाकासमोर. "मी हळू चालवतो" याचा इथे काही उपयोग नाही, ताशी 5 किलोमीटर म्हणजे माणूस चालतो तेवढाच वेग धरला तरी एका सेकंदात जवळपास 1.4 मीटर गाडी पुढे जाते आणि ब्रेकवर पाय जायलाच तेवढा वेळ लागतो. त्यात पोरं इंजिनच्या घरघरीने पेंगतात, पकड कधी सुटली ते कळत पण नाही.

मांडीवर घेतलं तर स्टिअरिंग नीट वळत नाही, पोराचा पाय गिअरला लागतो, आणि ट्रॅक्टर उलटला तर सीटवरची लोखंडी संरक्षक फ्रेम असली तरी ती फक्त बेल्ट लावलेल्यालाच वाचवते. बेल्ट एकच असतो. मागच्या हूकवर उभं करणं तर अजिबात नको, पीटीओ (इंजिनच्या ताकदीवर अवजार फिरवणारी मागची जोडणी) चालू असेल तर त्याचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9 फेरे फिरतो, ओढणीचं टोक अडकलं की संपलं.

म्हणून आमच्याकडे चालत्या ट्रॅक्टरवर पोर नाही, अगदी दारातून रस्त्यापर्यंत पण नाही. हौस भागवायची तर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, अवजार जमिनीवर टेकलेलं, चावी खिशात, मग सीटवर बसवा, स्टिअरिंग फिरवू द्या, फोटो काढा, अर्धा तास खेळू दे.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, चकरा मारायची सवय लागलेलं पोर आवाज आला की धावत येतं, आपण रिव्हर्स घेत असतो आणि ते मागच्या चाकाजवळ, सीटवरून दिसतच नाही. त्यामुळे पोरांची उभं राहायची जागा ठरवून द्या, सोबत मोठं माणूस हात धरून, आणि ती तिथे डोळ्याने दिसल्याशिवाय चावी फिरवू नका.