मधुमेहाच्या घरभेटीत या चुका टाळा

"काकू, औषध वेळेवर घेताय ना?" "हो गं." झालं, रजिस्टरमध्ये नोंद आणि पुढचं घर. उपकेंद्रातून घरभेटी करताना सुरुवातीची काही वर्षं मीही हेच केलं. आता नुसतं विचारत नाही, करून दाखवायला सांगते. त्यातून ज्या चुका सापडल्या, त्या नर्सताई, आशाताई आणि घरच्यांसाठी लिहिते आहे.

सगळ्यात आधी सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक ४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांना लाल टोपणाची यू-४० सिरिंजच लागते. एका आजोबांची साखर काही केल्या ३०० च्या खाली येईना. डोस वाढवायचं बोलणंही सुरू झालं होतं. म्हटलं, "बाबा, माझ्यासमोर भरा बघू." त्यांनी नारिंगी टोपणाची यू-१०० सिरिंज काढली आणि चष्मा लावून अगदी २० च्या रेघेपर्यंत भरली. अंगात जात होतं जेमतेम ८ युनिट! याच्या उलट, १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर अडीचपट इन्सुलिन जातं. ते जिवावर बेतू शकतं. कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय ना, हे दर वेळी बघाच.

मग पोटावरून हात फिरवा. दुखत नाही म्हणून माणसं रोज त्याच जागी टोचतात, तिथे मऊ गाठ येते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा रोज बोटभर सरकवायची. कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवली असेल आणि गोठली असेल, तर ती टाकून द्या. फ्रीज नसेल तर कुपी झाकणबंद डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवली तरी चालते.

साखर तपासताना बोट साबणाने धुऊन कोरडं केलेलं हवं. आंबा चिरलेल्या हाताने तपासलं की आकडा उगाच फुगतो.

उपवासाची मला फार काळजी वाटते. एकादशीला पोट रिकामं, पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी रोजच्यासारखीच. दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. साखर ७० च्या खाली गेली की पोळी-बिस्किटात वेळ घालवू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. उपवास करायचाच असेल तर गोळीचं आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा.

आणि "गोड खाल्लंत ना?" असं दरडावू नका. माणसं लपवायला लागतात. तपासणीच्या आधी दोन दिवस जेवण तोडतात, पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी सगळं दाखवते.

मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते, जखम झालेली कळतही नाही. तरी पाय मात्र आपण सगळ्याच विसरतो. एका शेतकरी ताईंची साखर, बीपी बघून मी निघालेच होते. उंबऱ्यात म्हटलं, "जरा पाय बघू." टाचेत बाभळीचा काटा रुतलेला, भोवती पू. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हा कधी गेला?"